कलम सतरा: जेवायला येणे

आमच्या काकांनी, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांनी, न वाचता सही केलेला कागद अख्ख्या हैदराबादेत शोधून सापडायचा नाही. कुरिअरवाला दारात ताटकळत उभा, आणि हे पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचतायत! माझ्या लग्नात तर त्यांनी भर मंत्रांत भटजींना थांबवलं. म्हणाले, "गुरुजी, पोरगा आत्ता काय काय कबूल करून बसला ते त्याला मराठीत सांगा. नंतर म्हणेल, मला माहीतच नव्हतं." बायको मला अजून त्यावरून ऐकवते.

असा माणूस अंबरपेठचं बैठं घर बिल्डरला द्यायला निघाला, तेव्हा मला काळजी वाटली ती बिल्डरची. जुनं पाडून मजले चढवायचे, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट काका-मावशीचा, असा करार. काकांनी तो चार महिने वाचला. उशीर झाल्यास बिल्डरने भाडं द्यावं, हे कलम त्यांनी चक्क खोडलं. "भाडं फेकून मोकळा होईल लेकाचा. तोंड नको दाखवायला?" आणि स्वतःच्या अक्षरात कलम सतरा लिहिलं: मुदत टळली तर बिल्डरने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः जेवायला यावं आणि घर का झालं नाही ते मालकाच्या पत्नीला समोर बसून सांगावं. वकिलाने कपाळावर हात मारला. बिल्डर मात्र खूश. "क्या अंकल, उल्टा खाना खिलाते?" म्हणत त्याने सही ठोकली.

घर होईपर्यंत दोघं नारायणगुड्यात भाड्याने राहिली. त्या घराचा करारही काकांनी शब्दन् शब्द तपासला, फक्त जिने मोजायचे राहिले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मावशीचे गुडघे पार गेलेले. ती एकदा वर चढली ती खाली उतरलीच नाही. खिडकीशी बसून रोज विचारायची, "अहो, घरी कधी जायचं?" काकांना हे फार लागलं होतं.

मुदत टळली. बिल्डर धापा टाकत तीन मजले चढून आला. मावशीने ज्वारीची भाकरी, भरली वांगी वाढली आणि विचारलं, "खाओ बाबा. मेरा घर कब होता?" पहिल्या महिन्यात त्याने सिमेंटचं कारण सांगितलं, दुसऱ्या महिन्यात मजुरांचं. तिसऱ्या महिन्यात घास हातातच राहिला. "अम्मा, नोटीस भेजो, कोर्ट में खींचो, पर ऐसा मत पूछो!" दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः साइटवर खुर्ची टाकून बसला. चार महिन्यांत लिफ्ट लागली आणि मावशी तिच्यातून आपल्या घरी गेली. काका त्या दिवशी ढसाढसा रडले.

कलम सतरा संपलं. पहिले दोन रविवार घर अगदी सुनं सुनं वाटलं म्हणे. मग काकांना दुरुस्तीचं कलम आठवलं: बांधकामात खोट निघाली तर बिल्डरने येऊन बघायचं. गेल्या रविवारी मी गेलो, तर बिल्डर मांडी घालून भाकरी मोडत होता आणि मावशी त्याला आग्रह करत होती. तक्रार काय, तर स्वयंपाकघरातला नळ गळतो. मी जाऊन पाहिलं, थेंबसुद्धा नाही. मागून काका आले, नळ जरासा सैल केला आणि हळूच म्हणाले, "हे कलम अजून वर्षभर चालेल. मग काय करायचं रे?"