टेलरकाकांचा बोलिव्हियाचा बेत

महाडच्या बाजारपेठेत टेलरकाकांनी माप न घेतलेली एकही गोष्ट उरलेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. माणसांची मापं कुठलाही टेलर घेतो. काका एकदा शेजारच्या म्हशीच्या पोटाचं माप घेऊन आले होते, ती गाभण आहे की नुसतीच खादाड, हे ठरवायला. सावित्री नदीचं पाणी दुकानात शिरलं त्या दिवशी आम्ही दोघं कापडाचे तागे माळ्यावर चढवत होतो, तर हे मधेच टेप पाण्यात सोडून म्हणाले, "कंबर झाली रे. छातीवर आलं की तागे सोड नि मला उचल. मला पवता येत नाय." मी नांदेडकडचा, आठवीतून शाळा सोडून इथल्या कारखान्यात आलेला, मुळातच भित्रा. पाणी कमरेवरच थांबलं, पण अशा वेळीही माणसाला हसू फुटतं हे मला त्या दिवशी कळलं. त्याच माळ्यावर मी राहतो. मला कावीळ झाली तेव्हा काकूंनी महिनाभर पेज भरवली. गावी आईला कळवायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही.

काकू पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. चार पावसाळ्यांमागे त्या वाडीवर दरड आली. त्यांचा भाऊ आणि भावजय घरासकट गेले. धाकट्या बहिणीचं तर काहीच सापडलं नाही. तेव्हापासून काकू डोंगराकडे पाठ करून बसायच्या, आणि पाऊस लागला की पायात चप्पल घालून भिंतीला टेकून राहायच्या, डोळे टक्क उघडे. काकांनी नकाशावर टेप लावून डोंगर दुकानापासून किती लांब आहे ते त्यांना दाखवलं. "हितवर यायला त्याला यष्टी पकडावी लागंल गो!" काकू हसल्या नाहीत. गोळ्यांनी चक्कर यायची, झोप यायची नाही. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, असे आणखी दोन पावसाळे हे हृदय काढणार नाही. त्या दिवशी काकांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या.

अशात एकदा मी मोबाइलवर बोलिव्हियाचा व्हिडिओ बघत होतो. उघडा मातीचा डोंगर आणि त्याच्या उभ्या अंगावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चिकटलेली घरं. काका त्यातल्या बायकांच्या घागऱ्यांच्या चुण्या मोजत होते. काकूंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ही माणसं हितं निजतात कशी?"

वर्षभरात त्यांनी आपणहून विचारलेलं हे पहिलंच. काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. "जाऊन विचारू," म्हणाले. "नाव बघ की रे देशाचं. बोलवि, या! बोलवतातच हायत ते."

मुंबईच्या एका कंपनीची 'टेलर-मेड सहल' अशी जाहिरात मीच त्यांना वाचून दाखवली, ही माझी चूक. काकांनी लगेच फोन लावला. "बाई, तुमचा टेलर कोण? आमी पण टेलरच." पलीकडची मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, म्हणजे तुमच्या मापाने बेतून देतो." "मग बेततो मी. तुमी फक्त शिवा." आणि खरोखरच खाकी कागद पसरून त्यांनी खडूने बोलिव्हिया बेतायला घेतली. तिथलं गाव बारा हजार फुटांवर, आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांवर. तेव्हा वाटेत चार दिवस मुक्काम, "मार्जिन पायजे, नायतर श्वास उसवंल." फोनवर त्यांनी काकूंची छाती, कंबर, उंची सगळं सांगितलं, त्या मुलीने, देव तिचं भलं करो, लिहूनही घेतलं. मला मात्र धास्ती होती. सवय व्हावी म्हणून काका त्यांना आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला घेऊन निघाले, तेव्हा मीही सोबत होतो. पोलादपूरच्या स्टँडवर समोर डोंगर दिसला आणि काकू गाडीतून उतरल्या. गाडी निघून गेली. पदर तोंडावर घेऊन त्या फलाटावर खाली बसल्या. काका त्यांच्या शेजारी बसले. मला म्हणाले ते एवढंच, "हिला वर नेली तर मीच मारीन रे हिला."

तरी उत्तर हवं होतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात काकांनी फोन स्पीकरवर टाकून त्या मुलीला सगळं खरं सांगितलं. मग तिने बोलिव्हियातल्या त्यांच्या वाटाड्याला फोनवर जोडलं. तिकडे पहाट होती. काकूंचा प्रश्न तिने त्याच्या भाषेत विचारला, आणि तो बराच वेळ काहीतरी बोलत राहिला.

"तो म्हणतोय," मुलगी सांगू लागली, "झोपतो कुठे आम्ही? पाऊस लागला की आमच्या खालची माती सरकते. माझी आई तर पायात बूट घालूनच बसते, सकाळपर्यंत. काकूंना सांगा, आम्हालाही जमलेलं नाही."

काका घाबरून काकूंकडे बघायला लागले. मीही.

"म्हंजे मी येडी नाय," काकू हळूच म्हणाल्या.

बाहेर पाऊस मुसळधार होता. काकू ताग्यांना टेकल्या, आणि बघता बघता त्यांची मान कलली. काकांनी मशीन थांबवलं, शटर अर्धं ओढलं. ब्लाउज न्यायला आलेल्या बाई तावातावाने बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले.

बोलिव्हियाला कोणी गेलं नाही. काकू अजूनही सगळ्या पावसात झोपतात असं नाही. काही रात्री झोपतात, काही रात्री नाही. पण काका म्हणतात, हृदय चालतंय, आणि ते हात लावून ठोके मोजतात रोज. मी इथं परका असूनही तो आकडा मला रोज सांगतात, म्हणून मीही निर्धास्त कामावर जातो. परवा पौषातल्या कोरड्या थंडीत काकू दारात ऊन खात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तिकडचा पावसाळा आपल्या उलटा ना, आता लागला असंल, नाय रे? त्या म्हातारीजवळ बसायला कोन असंल का?"