पडद्यामागचा सॅक्सोफोन

"हिला पडद्यामागे बसवा. समोर दिसायला नको."

काकासाहेब हे माझ्यासमोरच बोलले, पण माझ्याकडे न बघता. मी धारच्या त्या हॉलच्या स्टेजवर उभी. गळ्यात सॅक्सोफोन, तोंडात त्याची पत्ती. पत्ती थुंकीने भिजवावी लागते, तेव्हाच ती बोलते. माझं तोंडच सुकलं होतं.

देवासला आमचा लग्नाचा बँड आहे. पणजोबा दरबारच्या बँडात फुंकायचे म्हणतात. आम्ही बारातीत, म्हणजे लग्नाच्या वरातीत, फुंकतो. बाबा मास्टर, मी सॅक्सोफोनवर. काकासाहेब धारच्या जुन्या अधिकारी घराण्यातले, मराठी समाजातलं मोठं माणूस. त्यांच्या शब्दावर आम्हाला इकडच्या कितीतरी बाराती मिळायच्या. त्यांनी बाहेरून मोठा ऑर्केस्ट्रा बोलावला होता. आधी राग, मग जॅझ, मग दोन्ही एकत्र. पण ऑर्केस्ट्राच्या सॅक्सोफोनवाल्याचं तोंड आलं. ओठाला पत्ती लागली की कळवळायचा. काकासाहेबांनी बाबांना फोन केला, "तुझी मुलगी वाजवते ना? घेऊन ये."

बाबा असे खूश! देवासहून निघाल्यापासून एकच घोकत होते. "बेटा, आज तू खुर्चीवर बसून वाजवणार." आम्ही जन्मभर चालत वाजवलं, म्हणून.

दुपारी तालीम झाली. कागदावरचे सूर मला वाचता येत नाहीत. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा वाजवलं. बरोबर वाजवलं. मध्येच ऑर्केस्ट्राच्या संचालकाने हात वर केला आणि मी गप्प झाले. आमच्यात तसंच आहे. बारातीच्या वाटेत दवाखाना आला, कुणाच्या दारात गमी असली, मयत झालेली असली, की बाबा हात वर करतात. हात वर म्हणजे बंद. त्या क्षणी बंद. इथे हात वर म्हणजे आणखी जोरात. मला काय ठाऊक! सगळे हसले. काकासाहेबही हसले, आणि मग ते पडद्याचं बोलले. पत्रिकेवर नाव त्या सॅक्सोफोनवाल्याचं. तो समोर बसून वाद्य नुसतं ओठाशी धरणार. मागून फुंकणार मी.

"पोरी, वाजवतेस छान," ते म्हणाले. "पण तुला पाहिलं की लोक म्हणतील, बारात आली."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी हात जोडले. "जी, काकासाहेब." मग माझ्या कानाशी, "चुपचाप बजा दे, बेटा. लग्नांचा सीझन तोंडावर आहे."

काळा पडदा, त्यामागे प्लास्टिकचं स्टूल, एक माइक. जागा ओळखीची होती. लग्नात पाहुण्यांच्या पंगती उठल्या की आम्हाला कनातीच्या कापडामागे वाढतात. लहानपणी मला वाटायचं, तिकडे हवा येते म्हणून बसवतात.

संध्याकाळी हॉल भरला. खरं सांगते, मी फार घाबरले होते. सूर चुकला तर? खोकला आला तर? त्या माणसाचं बिंग फुटलं तर बाबांचं काय? बाबा विंगेत उभे होते. त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा.

सतार थांबली. व्हायोलिनं हळू झाली. पडद्याच्या फटीतून संचालकाचा हात वर गेलेला दिसला. मी फुंकलं. सुरुवातीला नुसती हवा, मग सूर लागला. बाबांनी शिकवलेली मींड घेतली, तशीच जॅझच्या चालीत सोडली. टाळ्या पडल्या. वाजवणं चालू असतानाच पडल्या. आणि तो समोरचा माणूस अर्धवट उठला, वाद्य ओठाशी तसंच धरून झुकला. माझ्या टाळ्यांना.

भीती गेली नव्हती बरं का, ती होतीच. तरी उठले. खांद्याने पडदा सारला आणि वाजवत बाहेर आले. दिवे डोळ्यांवर. पहिल्या रांगेत बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. एकीच्या लेकीच्या लग्नात मीच वाजवलं होतं. तो माणूस वाद्य मांडीवर घेऊन बसला, आणि सूर चालूच होता. आता सगळ्यांना कळलं.

काकासाहेब विंगेत आले. त्यांनी हात वर केला. त्यांच्या मागे बाबा. बाबांनीही हात वर केला.

बाबांचा हात! तो हात वर गेला आणि मी थांबले नाही, असं कधी झालं नव्हतं. एक सूर फाटला, सगळ्यांनी ऐकला. पुन्हा घेतला. शेवटपर्यंत वाजवलं.

परत येताना बाबा गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. काकासाहेबांच्या गोतातल्या बाराती गेल्या. बाबा अजून मला तोंडावर विचारतात, "काय मिळालं?" मी पत्ती काढून पुसायला घेते. वाजवायला उभी राहिले की आजही तोंड सुकतं. पत्ती दोनदा भिजवावी लागते.

दवाखाना आला, कुणाच्या दारात गमी असली, तर मी थांबेन. मला लपवायला कुणी हात वर केला तर नाही थांबणार. तो हात बाबांचा असला तरी नाही.