चौधरींची सगाई आणि पोलंडचं रडगाणं

पोलंडला मी कधी गेलेलो नाही आणि तिथल्या डोंगरात मला कुणी ओळखत नाही. तरीही आमच्या घरमालकांच्या मुलीची सगाई मोडायला निघाली ती पोलंड आणि मी, या दोघांमुळे.

आम्ही जयपूरला विद्याधर नगरात चौधरीसाहेबांच्या वरच्या मजल्यावर राहतो. मी विमा कंपनीत होतो. मेलेला माणूस खरोखर मेला आहे का, हे कागदांवरून तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर माणसानं एखादी उच्च अभिरुची बाळगावी असं म्हणतात, म्हणून मी प्रताप नगरातल्या एका मराठी प्राध्यापकांकडे जाऊन बसू लागलो. ते कायमचे पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी आपला जुना रेकॉर्ड प्लेअर आणि अकरा तबकड्या माझ्या हवाली केल्या. पोलंडच्या डोंगरी लोकांचं जुनं संगीत. "फार दुर्मिळ आहे, जपा," ते म्हणाले. (दुर्मिळ वस्तू माणूस दुसऱ्याला का देऊन टाकतो, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.)

त्या तबकड्यांवर आधी नुसती खरखर यायची, रिकाम्या घरात कुणी झाडू मारत असल्यासारखी. मग दोन-तीन व्हायोलिनं एकमेकांवर डाफरत सुरू व्हायची, आणि त्यांच्या खाली कसलंसं मोठं तंतुवाद्य करवतीसारखं एकाच जागी घासत राहायचं. आणि सातव्या तबकडीवर यातलं काहीच नव्हतं. नुसती एक बाई. ती गात नव्हती. कड्याच्या टोकाशी उभं राहून, गळा मोकळा टाकून कुणाला तरी बोलावत होती, आणि शेवटचा सूर लांबवत लांबवत दरीत सोडून देत होती. भर मे महिन्यात माझ्या दंडावर काटा उभा राहायचा. ती बाई केव्हाच गेली असणार. तिची हाक मात्र अजून कुणाच्या तरी मागावर होती.

"घरात म्हातारं माणूस आहे," माझी बायको सुलभा म्हणाली. "रणरणत्या दुपारी हे काय लावता?"

"मृत्युविलाप आहे. समजून ऐकलं तर शांत वाटतं."

"तसं लिहिलंय का त्यावर?"

"लिहायला कशाला हवं? ऐकू येतंय."

म्हातारं माणूस म्हणजे माझी आत्या. वय ब्याऐंशी, मूळची साताऱ्याकडची, उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आलेली. (उन्हाळ्यात जयपूरला येणारी ती बहुधा एकमेव पाहुणी असावी.) तिला माझं संगीत खुपत नसे, कारण कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवलं की तिच्यापुरतं जग बंद व्हायचं.

सगाईच्या दिवशी सकाळी चौधरीभाभी वर आल्या.

"भाईसाब, चार बजे झोटवाड़ा से लड़केवाले आ रहे हैं. आप तो जानते ही हैं, रुचि की एक जगह बात टूट चुकी है. और लड़के की दादी शगुन-अपशगुन बहुत मानती हैं. आज ज़रा..." त्या माझ्या रेकॉर्ड प्लेअरकडे बघत थांबल्या.

"आप बेफ़िक्र रहिए," मी म्हणालो. रुचि आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. तिचं आधी ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा महिनाभर तिनं गच्चीवर येणं सोडलं होतं. माझ्यामुळे तिच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं मी मनाशी ठरवलं, आणि मनाशी ठरवलेल्या गोष्टींचं माझ्याकडे जे होतं तेच झालं.

दुपारी ऊन इतकं पेटलं की आत्याचा घोळणा फुटला. सुलभानं तिच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे बसवले. गादी तापली म्हणून आत्या आतल्या खोलीत फरशीवर आडवी झाली, आणि पांढरी चादर ओली करून गळ्यापर्यंत ओढून घेतली. यंत्र वाटीत. पाच मिनिटांत ती गाढ झोपली. सुलभा खाली भाभींच्या मदतीला गेली, जाताना दार नुसतं लोटून.

साडेतीन वाजले होते. चारला येणारी माणसं साडेपाचला येतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी खिडक्या लावल्या, आवाज बारीक केला आणि सातवी तबकडी लावली. विसरलो एवढंच, की प्लेअरचा स्पीकर खिडकीतल्या कूलरला टेकून होता. कूलरच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि मध्ये गरगरता पंखा. त्या पात्यांमधून रस्त्याकडे जाणाऱ्या आवाजाचे तुकडे होतात. म्हणजे आत पोलंडची बाई अखंड हाक मारत होती, आणि बाहेर ती हुंदके देत होती.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून अभिरुची बाळगत बसलो होतो.

आणि लाइट गेली.

कूलरनं एक उसासा टाकला. तबकडी मंदावली. बाईचा आवाज जड झाला, बाप्याचा झाला, मग बाईचाही नाही आणि बाप्याचाही नाही असा काहीतरी झाला आणि घोगरत थांबला. इतकी शांतता झाली की कूलरमधून ठिबकणारं पाणी मोजता आलं असतं.

मग तीच हाक पुन्हा आली.

मी तबकडीवर बोट ठेवून पाहिलं. थांबलेली होती. सुई उचलली. हाक येतच होती, आणि आता ती एका बाईची नव्हती. चार-पाच गळे होते, एकात एक मिसळलेले. मी भुतंखेतं मानत नाही. महाराष्ट्र मंडळात या विषयावर मी दोनदा बोललो आहे. तरी त्या क्षणी मला लहानपणचं स्तोत्र आठवायला लागलं आणि पहिल्या ओळीपुढे सरकेना. कारण आवाज जिना चढत होता. पायरी, सूर. पायरी, सूर.

दार आपोआप उघडलं.

दारात पाच बाया होत्या, एकामागे एक, आणि एकीलाही तोंड नव्हतं. घुंघट हनुवटीखाली ओढलेले. झुलत, लांबलचक सूर काढत त्या आत आल्या. मी हात जोडून उभा राहिलो. मला न्यायला आल्या असतील तर निदान उद्धट दिसू नये. सगळ्यात पुढची, कमरेत वाकलेली, माझ्यापाशी थांबली, थंडगार हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि सगळ्या मला ओलांडून आतल्या खोलीत गेल्या.

हात खरा होता. त्याला मेंदीचा वास होता. तेव्हा कुठे माझं डोकं चालू झालं. लड़केवाले वेळेआधी आले होते. फाटकाशी त्यांना वरून रडणं ऐकू आलं होतं. दुखवट्याच्या घराला ओलांडून शुभकार्याला जायचं नाही, आधी पदर ओढून, दारापासून रडत जाऊन बसायचं, ही दादीजींच्या गावची रीत. आणि आत फरशीवर, पांढऱ्या ओल्या चादरीखाली, नाकात कापूस घालून माझी आत्या आडवी होती.

मी धावलो. पाच घुंघट तिच्याभोवती बसून ऊर बडवत होते. एवढ्यात आत्यानं डोळे उघडले.

तिच्या पिढीचं वळण असं, की बाया रडत आल्या की आधी रडायचं, कोण गेलं ते मागाहून विचारायचं. ती हळूहळू उठून बसली. चादर गळून पडली. नाकातल्या बोळ्यांसकट तिनं जवळच्या बाईच्या गळ्यात हात टाकला आणि हंबरडा फोडला.

पाचही जणी एकदम गप्प झाल्या. एक मागच्या मागे सरकत जाऊन पाण्याच्या माठावर बसली. खोलीत आत्या एकटी रडत होती.

थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "कोण गेलं रे?"

मी हातानं 'कुणी नाही' अशी खूण केली.

"मग मी का रडतेय?"

तोवर चौधरीसाहेब धापा टाकत वर आले. मागे सुलभा, भाभी, आणि जिन्यात रुचि, नव्या लेहंग्यात, मेंदीचे हात अंगापासून लांब धरून. खाली मुलाचे वडील नारळाचं ताट घेऊन परत गाडीत बसले होते. रुचि रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

चौधरीसाहेबांनी माझा दंड धरून मला त्या वाकलेल्या बाईकडे वळवलं. "भाईसाब, माँजी को बता दीजिए, ख़ुशी का गाना था. है ना?"

माणसानं अशा वेळी नुसतं 'हो' म्हणावं. पण तीस वर्षं कागद तपासलेला माणूस मी. "ख़ुशी का तो नहीं कह सकते," मी म्हणालो. "असल में यह विलाप है."

भाभी पायरीवर खाली बसल्या. सुलभानं माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

वाकलेल्या बाईनं घुंघट वर केला. दादीजींचा चेहरा वाळूवर वाऱ्यानं रेघा ओढाव्यात तसा होता. "बजाओ," त्या म्हणाल्या.

लाइट नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि लाइट आली. मी निमूटपणे कूलर बंद केला आणि सुई टेकवली. दादीजी डोळे मिटून ऐकत राहिल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"कुण कवै रोणो है?" त्यांनी विचारलं. रडणं आहे म्हणून कोण म्हणतो?

"मैं," मी म्हणालो.

"थे कदै रोया कोनी. रोवण वाळी की साँस टूटै. इण की कठै टूटै है?" तुम्ही कधी रडलाच नाहीत. रडणारीचा श्वास तुटतो, हिचा कुठे तुटतोय? "ओ हेलो है. सांझ पड़गी, रेवड़ नै घरां बुलावै है." लांबून घातलेली हाक. संध्याकाळ झाली, म्हणून बाई आपला कळप घरी बोलावते आहे. त्यांनी स्वतः साठ वर्षं टेकडीवरून शेळ्यांना असंच बोलावलं होतं.

सुलभानं तबकडीचं पाकीट फाकवून पाहिलं. आत प्राध्यापकांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'क्र. ७. मेंढ्या परत बोलावण्याची हाक.'

दादीजींनी रुचिला जवळ घेतलं. "हम तो इसे घर ले जाने आए हैं. और घर बुलाने का हेला पड़ रहा है. इससे बड़ा शगुन क्या होगा?" मग खिडकीतून खाली ओरडून त्यांनी बापलेकांना गाडीतून उतरवलं. ज्याच्यासाठी जिवंतपणी रडलं त्याचं आयुष्य वाढतं, म्हणून आत्याला खाली नेऊन मधोमध बसवलं, आणि सगळा झोटवाडा तिच्या पाया पडला. मुलानं रुचिला अंगठी घातली. ती हसली, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

गेल्या आठवड्यात लग्नाची पत्रिका आली. पहिलं नाव आत्याचं, मग सुलभाचं. खाली चौधरीसाहेबांनी पेननं लिहिलं होतं: 'भाईसाब भी ज़रूर पधारें, पर ख़ाली हाथ.'