माझ्या खुब्याचं वय

"उमर सैंतीस लिखी है. सही है ना?" हाडांच्या डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं.

"हो, सदतीस," मी म्हणाले.

त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. डाव्या खुब्यातला हाडाचा गोळा लिंबासारखा गोल होता. उजवा वरून चेपलेला, पायाखाली आल्यासारखा. "मॅडम, आप सैंतीस की हैं. यह कूल्हा सत्तर के पार है."

मी हसले. वाईट वाटायच्या आधी मला ते पटलं होतं. दहाव्या वर्षापासून मला माझ्याबद्दल जे वाटत आलं होतं, तेच कुणीतरी आज एक्स-रेत दाखवत होतं.

आजाराचं नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, ते खुब्याच्या वाटीत फिरतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बंद पडल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो आणि अंगाच्या वजनानं खचत जातो. माझा खचला होता.

हे कळायला आठ महिने लागले, कारण दुखायचा तो गुडघा. मी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात काम करते, राहते रायपूर शहरात, तेलीबांध्याला. बसच्या पायरीवर उजवा पाय ठेवला की कळ यायची. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या झाल्या, तेल झालं, शेक झाला. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा गुडघा दुखत असेल आणि तिथे काही सापडत नसेल, तर खुबाही बघा असं डॉक्टरांना जरूर म्हणा.

त्या दिवशी आई बरोबर होती. आई बासष्टची, रायपुरातच गुढियारीत एकटी राहते, रविवारी विहारात लहान मुलांना वंदना शिकवते. आम्ही एमआरआयला निघालो तेव्हा व्हीलचेअर घेऊन आलेल्या दवाखान्यातल्या मावशींनी ती थेट आईपुढे लावली. "अम्मा, बैठिए."

"मले काहून?" आई म्हणाली. "हिले बसव."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि "सॉरी दीदी" म्हणाल्या. आई खुर्चीच्या पुढे पुढे चालत होती, मी मागून ढकलली जात होते.

एमआरआय पाहिल्यावर डॉक्टरांनी प्रश्न विचारले. स्टेरॉइड घेतलेत का? दारू? दोन्ही नाही. मग विचारलं, "बचपन में हाथ-पैर दुखते थे? आँखें पीली होती थीं?" दोन्ही हो. गाव कुठलं? आईवडील भंडारा जिल्ह्यातले, असं आईनं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर आणखी एक रक्ताची तपासणी लिहिली.

माझं लहानपण गुढियारीतच गेलं. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली पोरं संध्याकाळी रुळांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पळायची आणि मी ओट्यावर बसून त्यांचे वाद सोडवायची. पळून पाहिलं नव्हतं असं नाही. पण दोन फेऱ्यांत छाती भरून यायची आणि थंडीच्या दिवसांत तर हातपाय असे दुखायचे की आई मिठाची पोटली गरम करून रात्रभर शेकत बसायची. वात आहे, असं सगळे म्हणायचे. पोरं मला बुढी म्हणायची.

मी ते नाव मनावर घेतलं नाही, अंगावर घेतलं. मोठ्या बायकांत बसू लागले. कमी बोलायचं, सावकाश उठायचं, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. लग्नघरी बायका आईला म्हणायच्या, पोट्टी किती समजूतदार आहे. विसाव्या वर्षी मी राखाडी आणि बदामी साड्या घ्यायचे. मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं, मला होकार दिला तो माझा शांत स्वभाव पाहून, असं तो आजही सांगतो. मलाही वाटायचं की काही माणसं जन्मतःच वयस्कर असतात, त्यातली मी एक.

तपासणीचं नाव एचपीएलसी. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून कुठला किती आहे ते ती सांगते. निकाल घेऊन मी, मिलिंद आणि आई रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि शेजारी एक विळा. "हे सिकल सेल डिसीज आहे. विदर्भात, छत्तीसगडात बराच आढळतो, आईवडिलांकडून येतो. तुमच्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात. वाकलेल्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात. खुब्याचं रक्त तसंच अडलं."

"पण मग इतकी वर्षं कसं कळलं नाही?" मिलिंदनं विचारलं.

काही जणांत जन्माआधीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच शिल्लक राहतं आणि ते थोडं सांभाळून घेतं, असं त्यांनी समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आप बचपन से थकी हुई हैं. बस, आपको पता नहीं था कि यह थकान है."

मला खुब्याचं इतकं लागलं नव्हतं. हे लागलं. म्हणजे मी शांत नव्हते, समजूतदार नव्हते. मी दमलेली होते. आणि ज्या बाईला लोक सदतीस वर्षं ओळखत होते, मीही ओळखत होते, ती नक्की कोण होती?

बाहेरच्या बाकावर आईनं माझं मनगट धरलं. "माह्यापासून आलं काय वो तुले?"

"आजाराचा एक वाटा तुझ्याकडून, एक बाबांकडून. तुम्ही दोघं वाहक. वाहकाला सहसा काही होत नाही."

"तुह्या बापाले तर कधी साधा ताप नाही आला." तिनं आजूबाजूच्या बाकांवर कोण आहे ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "विहारात कोणाले सांगू नको. तनूचं लग्न करायचं आहे उद्या."

तनू माझी मुलगी, अकरा वर्षांची. मला राग आला होता, पण मी नेहमीसारखी गप्प बसले.

तनूला माझ्याकडून आजाराचा एक वाटा मिळालेला असणार, हे नक्की होतं. मिलिंदही वाहक निघाला असता तर तिलाही माझाच आजार असू शकला असता. दोघांचं रक्त गेलं आणि आम्ही तीन दिवस वाट पाहिली. मिलिंद ऑफिसातून आला की डबा न काढताच खुर्चीत बसून राहायचा. चौथ्या दिवशी कागद आले. मिलिंद पूर्ण नॉर्मल, तनू वाहक.

"मतलब मैं बीमार हूँ?" तनूनं विचारलं. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

"नाही बेटा. फक्त वाहक. लग्नाच्या वेळी मुलाचं रक्त तपासायचं, बस."

"तो फिर आप रो क्यों रही हो?"

खुबा बदलायचा ठरला. टोटल हिप रिप्लेसमेंट, म्हणजे मेलेला गोळा काढून धातूचा बसवायचा आणि वाटीही नवी लावायची. माझ्यासारख्यांना थंडी आणि पाण्याची कमतरता चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी रक्त चढवलं, सलाइन लावलं, खोलीतला एसी बंद केला. ऑपरेशनच्या वेळी फक्त कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. सुताराच्या दुकानात पडल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. वॉर्डात गुडघे आणि खुबे बदललेल्या बायका होत्या, सगळ्या पासष्टीच्या पुढच्या. समोरच्या आजींनी पलंगाच्या कडेला बसलेल्या मला विचारलं, "बेटी, तू किसके साथ आई है?" मी खुब्यावरची पट्टी दाखवली तेव्हा त्या इतक्या हळहळल्या की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दुपारपर्यंत छातीत सुया टोचू लागल्या, श्वास अर्ध्यावर अडू लागला. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत गेला आणि मला आयसीयूत हलवलं. अक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे विळ्यासारख्या पेशींनी फुप्फुसातलं रक्त अडवणं. डॉक्टरांनी मिलिंदला बाहेर सांगितलं, "पुढचे दोन दिवस महत्त्वाचे." माझं काही रक्त काढून दुसऱ्याचं रक्त भरलं गेलं. कुणाचं, ते मला कधीच कळणार नाही. त्या माणसाचे आभार इथेच मानते.

आयुष्यभर मला वाटत आलं होतं की माझं बरंचसं जगून झालंय. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पलीकडचं यंत्र टुकटुकत होतं, आणि तसं मला जराही वाटत नव्हतं. मला प्रचंड राग आला होता. अजून काही सुरूच झालेलं नाही आणि हे काय चाललंय, असा राग. भीतीपेक्षा तो मोठा होता.

पाच दिवसांनी वॉर्डात परत आले. मग हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं. ते जन्माआधीचं, सांभाळून घेणारं हिमोग्लोबिन वाढवतं. फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, फुप्फुसाच्या संसर्गाच्या लसी, दर महिन्याला रक्त तपासणी. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. मी जमिनीवर बसत नाही. डाव्या खुब्यावर डॉक्टरांचं लक्ष आहे.

पण तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी जिना चढून वर आले आणि दाराशी आल्यावर लक्षात आलं, मधल्या वळणावर थांबलेच नाही. लोक विचारतात, आता तरुण वाटतं का? नाही. तरुणपण कसं असतं ते मला माहीत नाही, त्यामुळे परत आलंय असं म्हणता येत नाही. मी मला सदतीस वर्षांची वाटते. हे वय मला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या घरी एखादं मूल सारखं बसून राहत असेल, हिवाळ्यात हातपाय दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर त्याला शहाणं म्हणू नका, आळशीही म्हणू नका. रक्त तपासून घ्या.

हे सांगायचा हक्क मला एका भांडणानं दिला. आई आमच्याकडे राहायला आली होती आणि भंडाऱ्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "हव, पाय घसरला तिचा. पडली. म्हणून ऑपरेशन केलं."

"आई, खोटं काहून बोलून राहिली तू?" मी ओरडले. नुसती बोलले नाही, ओरडले. मावशीच्या घरात तीन नातवंडं आहेत, त्यातलं एक सतत तापानं पडलेलं असतं, आणि तू पाय घसरला म्हणून सांगतेस? माझं लहानपण गेलं, अजून किती जणांचं घालवायचं? आणखीही बरंच. मिलिंद हातात वर्तमानपत्र तसंच धरून बसला. तनू खोलीतून येऊन दारात उभी राहिली. या घरानं माझा हा आवाज ऐकलेला नव्हता.

आईनं फोन ठेवला होता. ती उठली. पाणी प्यायली. मग तिनं मावशीला परत फोन लावला आणि सगळं सांगितलं, आजाराचं नाव दोनदा सावकाश उच्चारून. "पोट्ट्याइचं रक्त तपासून घे. उद्याच जा," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, जास्त बोलले का?

तिनं मान हलवली. "तीन वर्षाची होती तवा अशीच होती तू. पाऱ्यातल्या सगळ्याइशी भांडे. तुह्या बापाच्या अंगावर धावून जाये." तिनं पदरानं डोळे पुसले. "मंग हळूहळू गप झाली. आमाले वाटलं, पोट्टी शहाणी झाली."