उंच पिकअप आणि हिरवी तार

बावन्नाव्या वर्षी मी पिकअप चालवायला शिकले आणि त्रेपन्नाव्या वर्षी माझी खात्री पटली की ही गाडी बनवणाऱ्यांनी आधी मला विचारायला हवं होतं. नातवंडांना वाटतं, आजी पहिल्यापासून शहाणी. त्यांना काय माहीत! ती त्रेपन्न वर्षांची बाई आज रस्त्यात समोर आली तर मी ओळखसुद्धा दाखवणार नाही.

तेव्हा मी हरसूलच्या आठवडे बाजारात भांडी विकत असे. स्टीलचे डबे, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली. नाशिक रोडहून उजाडता निघायचं, बाजार उठला की उरलेला माल घेऊन आतल्या पाड्यांवर जायचं, कारण लग्नाकार्याची मोठी पातेली तिथेच खपत. पाड्यांचा रस्ता म्हणजे नुसते दगड, चिखल आणि मध्ये दोन ओहोळ. गाडीचं पोट दगडाला घासलं की मला वाटायचं, माझ्याच पाठीवरून कोणी किसणी फिरवतंय.

गाडी नवऱ्याच्या नावावर होती. धाकट्या दिराचा मंडपाचा धंदा, त्यामुळे त्याचा पहिल्या दिवसापासून गाडीवर डोळा. नवऱ्याने आम्हा दोघांना समोर बसवून सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत गाडी धड राहिली तर ती हिची. हिने कुठे घातली खड्ड्यात, की दुसऱ्या दिवशी भाऊ घेऊन जाईल."

"दसरा लांब आहे हो वहिनी," दीर म्हणाला. "मी आत्तापासूनच घराबाहेर जागा करून ठेवतो."

एवढं ऐकल्यावर शहाण्या बाईने गाडी जपली असती. मी ती उंच करायला अंबडच्या गॅरेजला नेली.

अंबडचा मिस्त्री वयाने माझ्याएवढाच आणि तोंडाने माझ्याहून वाईट. मी त्याला सांगितलं, "मागे दोन पाटे वाढवा, चाकं मोठी घाला." पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. जास्त माल भरणारे सगळेच ते वाढवून घेतात, तेव्हा मला का नको?

"कशाला? ओहोळावरून उडी मारायचीय?"

"दगड लागतात खाली."

"मग दगड बघून चालवा. पाटे वाढवले की रिकामी गाडी टणाटणा उडेल. कंबर तुमची जाईल, माझं काय!"

"माझ्या कमरेचं मी बघते. तुम्ही नटबोल्ट बघा."

त्याने बघितले. गाडीखाली शिरला आणि खुरप्याने महिन्याचा चिखल काढून माझ्या पायापाशी ढीग केला. "वरून रोज पुसता वाटतं? एवढ्यात अळू लावा." मी गाडी खरंच रोज पुसत असे, पण फक्त लोकांना दिसेल तेवढी. छपरावर चार पिवळे दिवेही लावून घेतले. जायचं उजाडता, यायचं दिवस मावळायच्या आत. दिवे कोणासाठी? दिरासाठी!

तिसऱ्या संध्याकाळी मी न्यायला गेले तर मिस्त्री म्हणाला, "काडी राहिलीय." मागच्या चाकांजवळ एक लोखंडी काडी असते. गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो, काडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. आपण गाडी उचलली, आता काडी पोचत नाही, तिला जोड द्यावा लागेल, असं त्याने मला दोनदा समजावलं. आज मला हे तोंडपाठ आहे. तेव्हा मी फक्त एवढंच ऐकलं की हा माणूस उद्याचा बाजार बुडवतोय.

"उद्या हरसूलला जायचंय मला."

"मग एसटीने जा."

"पातेली काय मांडीवर घेऊन जाऊ?"

"डोक्यावर घ्या. पण गाडी नेऊ नका, बाई."

किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला होती. मी ती काढली, गाडीत बसले आणि त्याच्या चहाच्या ग्लासाला चाटून गाडी बाहेर काढली. मागून तो काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही. मी काय ओरडले, तेही नाही.

घरापर्यंत ती काडी खडखड वाजत राहिली. मला आवाज सहन होईना. मी गॅलरीतली कपडे वाळत घालायची हिरवी तार हातभर कापली, गाडीखाली चटई टाकली आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तशी ती काडी करकचून बांधून टाकली. खडखड थांबली. मिस्त्रीला तीन दिवसांत जमलं नाही ते आपण पाच मिनिटांत केलं, अशा थाटात मी पिठलं-भात खाऊन झोपले.

सकाळी गाडी गच्च भरली. त्र्यंबकपर्यंत काही झालं नाही, कारण तिथवर जोरात ब्रेक दाबायची वेळच आली नाही. पुढे हरसूलकडच्या उतारावर समोरची एसटी थांबली आणि मी ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी ऐकलं. मागची ढकलतच राहिली, कारण काडी बांधलेली, आणि गाडीचा समज असा की आपण रिकाम्याच आहोत. एसटी चुकवायला मी स्टिअरिंग फिरवलं आणि पिकअप माझ्यासकट भाताच्या खाचरात जाऊन बसली. मला खरचटलंही नाही. पातेली मात्र खाचरभर.

खाचराची मालकीण हातात रोपांची जुडी घेऊन उभी होती. "डोळं हायेत का नाय तुला? कालच लावलंय हे!"

"अहो, ब्रेक लागला नाही."

"गाडीला नाय, तोंडाला तरी लाव! उतर खाली."

तिने मला लुगडं खोचायला लावून चिखलात उतरवलं आणि उखडलेली रोपं परत लावून घेतली. मी पाच लावली की ती एक उपटायची. "वाकडं हाय. लय शानी निघाली गाडीवाली." निरोप मिळून नवरा आणि दीर गावातला ट्रॅक्टर घेऊन पोचले तेव्हा मी गुडघाभर चिखलात वाकून होते. दिराने बांधावरूनच हात पुढे केला. "वहिनी, किल्ली."

आणि मी म्हणाले, "मिस्त्रीने ब्रेक बिघडवून दिला."

किती सहज निघालं तोंडातून! गाडी जाणार होती, समोर दीर हसत होता, आणि मिस्त्री तिथे नव्हता. बस, एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ गाडी घेऊन अंबडला गेले, मी मागे. दिराने बाह्या वर केल्या होत्या. "बायामाणसाचा जीव घेता का?" वगैरे बरंच झालं. मिस्त्री पाना घेऊन गाडीकडे वळला. खाली सरकला, बाहेर आला आणि हिरवी तार नवऱ्याच्या हातात ठेवली. "ही माझ्याकडची नाही."

नवऱ्याने तार उलटसुलट केली. "आमच्या गॅलरीतली आहे," तो म्हणाला. "तरीच काल माझा लेंगा खालच्यांच्या तुळशीवर पडला."

मी खरं सांगणारच होते, असं पुढे बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे. मी तेव्हा आणखी एक थाप जुळवत होते, ती तयार व्हायच्या आत तार सापडली.

"संपलं," दीर म्हणाला. "दादा, किल्ली."

"किल्ली राहू द्या," मिस्त्री म्हणाला. "आधी ती भुतं उतरवू." त्याने वाढवलेले पाटे काढले, जुनी चाकं लावली. मी म्हणाले, "एक तरी पाटा ठेवा." तो म्हणाला, "बाई, खाली झोपा आणि पाना धरा." मी झोपले. काडीचा नट त्याने माझ्याकडूनच आवळून घेतला, आणि प्रत्येक वेढ्याला एक शिवी, माझं नाव न घेता.

मग भंगाराचं लोखंड मागे भरलं. "वजन कमी पडतंय. भरल्या गाडीवर बघायला पाहिजे. चढा दोघे."

"आम्ही?" दीर म्हणाला.

"ओरडायला आलात ना? वजन आहे तुमच्यात." आणि किल्ली त्याने माझ्याकडे फेकली. "ब्रेक हिने बिघडवलाय, हिलाच कळेल लागतोय का. तुम्हाला बिघडलेलाही कळला नसता."

कारखान्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. चारही चाकं एकदम थांबली. दिराचं नाक केबिनच्या पत्र्यावर आपटलं.

"मुद्दाम केलंत, वहिनी!"

"ब्रेक बघायचा होता ना, भाऊजी?" मुद्दामच केलं होतं.

नवरा पँटवरचा गंज झटकत उतरला. आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाला, "दसऱ्यापर्यंत हीच चालवेल. पण बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी इथे दाखवायची. मिस्त्री हो म्हणाले तरच न्यायची."

"मला नको ही कटकट," मिस्त्री म्हणाला.

मला तरी कुठे हवी होती? पुढच्या आठवड्यात मी गेले तर मला लांबून बघून त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मी पिकअप दारात आडवी लावली आणि हॉर्नवर हात ठेवून बसले.