लाल पट्ट्याची पोती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी चोरून ओढलेल्या विड्यासुद्धा कधी लपवल्या नाहीत. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. पण आधी बांधाचं सांगतो. त्या बांधाचं नाव काढलं की माझी छाती आजही फुगते, आणि ते फुगणं काही खोटं नाही.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. मी तेव्हा चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो आणि पुनावळ्यात तात्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मूळचा मी बार्शीकडचा, दुष्काळ मला नवा नव्हता. पण पवनेकाठच्या माणसांना नदी आटते हेच पटेना. दिवाळीनंतर पात्रात नुसते गोटे दिसायला लागले. गावालगतचा डोह तेवढा उरला होता, आणि तोही रोज बोटभर खाली जात होता. तात्या म्हणाले, "हाय तेवढं तरी आडवू." तात्या म्हणजे माझे घरमालक, आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

बांध घालायचा ठरला, वाळूच्या पोत्यांचा. आता गावकी म्हणजे काय असते तुम्हाला माहीत आहे — दहा जण बोलणार, दोघं राबणार. मी काय केलं, तर कंपनीसारख्या पाळ्या लावल्या. दुसऱ्या शिफ्टचे कामगार सकाळी बांधावर, पहिल्या शिफ्टचे दुपारी चारनंतर. शेतकरी आणि बाया मधल्या वेळेत. लांबून कंपनीचा भोंगा ऐकू आला की पाळी बदलायची. मराठवाड्यातून पोटासाठी आलेली माणसं आणि गावातले जुने पाटील एका घमेल्याला हात लावत होते. असं मी आयुष्यात पुन्हा कुठं पाहिलं नाही. डोहात म्हशी घालायच्या नाहीत, कपडे धुवायचे ते लांब दगडांवर, पिण्याचं पाणी वरच्या अंगाला वाळूत खणलेल्या झऱ्यांतूनच भरायचं — हे नियम लोकांनी आपणहून पाळले. कुणावर ओरडावं लागलं नाही.

आणि पोती? पोती माझी जबाबदारी. भर सभेत मी छातीवर हात मारून तसं सांगितलं होतं. स्टोअरमध्ये सोड्याची रिकामी पोती पडून असायची, साहेबांना विचारून ती मी सायकलवर बांधून आणत होतो. बाया मला 'पोतीवाले भाऊ' म्हणायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

शेवटच्या दिवशी तीस पोती कमी पडली.

आता इथं मी जरा थांबतो. तुम्ही म्हणाल, तीस पोती म्हणजे किती? दोन दिवस थांबला असतात तर? तेच तर. दोन दिवसांनी सोड्याचा नवा माल येणार होता, आणि हे मला माहीत होतं. पण मी शब्द दिला होता ना! स्टोअरच्या मागं प्लेटिंग खात्याची, म्हणजे धातूला मुलामा द्यायच्या विषारी रसायनाची पोती पडली होती. वर लाल पट्टा, पट्ट्यात कवटीचं चित्र. ती जाळायची असा नियम होता आणि जाळण्याचं काम माझंच होतं. मी ती झटकली. रिकामीच तर आहेत, असं म्हणालो. आणि मग एकेक पोतं उलटं केलं, पट्टा आत जाईल असं. धोका नाही असं मला खरंच वाटत असतं, तर मी पट्टा लपवला असता का?

बांध पुरा झाला. बायांनी हळदकुंकू वाहिलं, तात्यांनी नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी डोहात मासे पालथे पडले होते.

गावानं एका क्षणात गुन्हेगार शोधला — नाथू भोई. डोहातले मासे पिढ्यान् पिढ्या त्याचं घर धरायचं. पाणी उतरलं की शेराच्या झाडाचा विषारी चीक टाकून मासे गुंगवायची रीत जुनी, आणि त्याच्या बापानं ती कधीतरी केलेली. मग दुसरं कोण असणार? त्याच दिवशी चावडीवर सभा झाली. नाथू एवढंच म्हणाला, "म्या न्हाई टाकलं. माझंच मासं म्या कशाला मारू?" कुणी ऐकलं नाही. त्याला डोहाची बंदी झाली. मी पाळ्यांची वही मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलो होतो. सभा उठली तसा मीही वही मिटून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना सांगितलं, वरची तीस पोती कच्ची आहेत, सरकून पाण्यात बसलीत, बदलली पाहिजेत. तोवर सोड्याची पोती आली होती. केवढं कौतुक झालं माझं! पण बुडालेली पोती काढायला पट्टीचा पोहणारा हवा, आणि तसा गावात एकच होता. तात्यांनी नाइलाजानं नाथूला निरोप पाठवला. मला वाटलं, तो येणार नाही. तो आला. सरळ पाण्यात उतरला.

पोती वर आली तशी मी घाईनं रिकामी करायला लागलो. एक पोतं नाथूनंच ओतलं. वाळूबरोबर आतली बाजू बाहेर आली. लाल पट्टा आणि ती कवटी. नाथूला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कवटी वाचायला शाळा लागत नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आसपास कुणी नव्हतं.

"भाऊ, तुमी सांगा," तो हळूच म्हणाला. "माझ्या तोंडून कोन ऐकंल? आन् म्या आरडलो तर लोक समदा बांधच उपसतील. बांध चांगला झालाय."

"सांगतो," मी म्हणालो.

तीसच्या तीस पोती निघाली. मग बांधाचं तोंड फोडून दोन दिवस पाणी सोडून दिलं, नाथूचं विष वाहून जावं म्हणून. सगळे तसंच म्हणत होते, मीही म्हणालो. दुष्काळातलं ते पाणी. खालच्या गावांत त्यानं काय झालं, मी कधी विचारलं नाही. उरलं ते मात्र बांधानं धरलं, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गावातलं एकही जनावर पाण्यावाचून मेलं नाही.

पाऊस आल्यावर देवळासमोर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन शब्द बोला म्हणून आग्रह. सगळं गाव पुढ्यात बसलं होतं. यापेक्षा चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी पाळ्यांबद्दल बोललो. एकीबद्दल बोललो. टाळ्या पडल्या. नाथू तिथं नव्हता. बंदी उठली नव्हती, म्हणून बायकोपोरांना घेऊन तो चाकणच्या पुढं भामा नदीकाठी सासुरवाडीला निघून गेला होता. जाताना माझ्या दारावरून गेला. थांबला. मी आतल्या खोलीत जाऊन उभा राहिलो, तो पुढं जाईपर्यंत.

पुढं आमच्या डोहावर दगडी बांध झाला. त्याच्या पाटीवर माझं नाव आहे आणि ते वाचलं की मला आजही बरं वाटतं. तेही लपवत नाही. भामेकाठी मी कधी गेलो नाही. सायकलवर दीड-दोन तासांची वाट होती.

बांध चांगला झाला होता. मासे मी मारले. नाथूला मी सांगतो म्हणालो होतो.