एप्रनची गाठ

खळमावशी म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघरातली सगळ्यात जुनी बाई. डॉक्टरांच्या कोटांना तिच्यासारखी खळ कोणाला जमायची नाही, म्हणून हे नाव पडलं. स्वभावाने भारी भित्री. दारावर जरा जोरात थाप पडली तरी तिचा हात छातीवर जायचा. रविवारी चर्चमध्ये मात्र ती पहिल्या बाकावर बसून खड्या आवाजात गायची.

त्या वर्षी शहरात ताप आला. कसला, कशाने पसरतो, कोणालाच धड सांगता येईना. इस्पितळाने मागची इमारत तापाच्या रोग्यांसाठी बंद केली आणि तिथल्या नर्सनी आतच राहायचं ठरलं. त्यात मावशीची एकुलती एक लेक होती. मोबाइल तेव्हा नव्हते. आतून बाहेर यायचे ते फक्त मळके कपडे, औषधाच्या पाण्यात भिजवून, जाड पिशव्यांत भरलेले.

आत जाताना लेक म्हणाली, "आई, माझ्या एप्रनवर तू निळ्या दोऱ्याची खूण घातली आहेस ना? रोज त्याच्या नाडीला एक गाठ मारून पाठवीन. गाठ दिसली की समज, मी बरी आहे."

"आणि नाही दिसली तर?"

"तर विसरले असं समज. लगेच रडत बसू नकोस."

मग रोज सकाळी मावशी हातमोजे चढवून पिशव्या उघडायची. गाठ हाताला लागेपर्यंत ती चहाही घेत नसे. गाठ लागली की डोळे मिटून "प्रभू, तुझे उपकार" म्हणायची आणि कामाला लागायची.

एके दिवशी एप्रन आला, पण नाड्या मोकळ्या. तिने त्या दोन्ही टोकांपर्यंत चाचपून पाहिल्या. विसरली असेल, तिने स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी एप्रनच आला नाही.

तशीच ती मागच्या इमारतीच्या फाटकाशी धावली. रखवालदार ओळखीचा, पण त्याने नजर चुकवली. "मावशी, आतलं मला काही कळत नाही. खरंच."

धुलाईघरात परतून ती मशीनपाशी उभी राहिली. प्रार्थना सुचेना. मशीनमध्ये चादरी गरगरत होत्या. त्यातली एखादी लेकीच्या अंगाखालची असेल, असं तिच्या मनात आलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो निवृत्त बस कंडक्टर, बोलायला मिस्कील.

"मला फार भीती वाटतेय हो," ती म्हणाली. "इतके दिवस मी देवावर नाही, त्या गाठीवरच भरवसा ठेवला. गाठ गेली आणि मी कोसळले. माझा विश्वास खोटाच म्हणायचा."

"भीती मलाही वाटतेय," तो म्हणाला. "पण देव काय भाडेकरू आहे, नळाचं पाणी गेलं की बोचकं उचलून चालता होणारा? गाठ होती तेव्हा तो पोरीजवळ होता. आताही असणार. चल, हात जोडू. भीतभीतच जोडू."

दोघांनी हात जोडले. भीती कमी झाली नाही. सकाळी मावशी कामावर गेली, पिशव्या उघडल्या. एप्रन नव्हता. "तू आहेस," एवढंच ती पुटपुटली आणि चादरी मशीनमध्ये घातल्या. त्यानंतर रोज तेच. कधी ते शब्द म्हणताना दातावर दात आपटायचे.

अखेर एकदा मेट्रन स्वतः धुलाईघरात आली. तिला पाहूनच मावशी मटकन खाली बसली.

"उठा मावशी. तिला ताप होता, फार वाईट होता. आता उतरलाय. पेज मागतेय."

लेक घरी आली ती काडीसारखी होऊन. तिच्या शेजारच्या खाटेवरची नर्स, तिची मैत्रीण, मात्र वाचली नाही.

मावशी त्या मुलीच्या आईकडे गेली. ती बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "तुझी परत आली. माझ्या पोरीच्या वेळी कुठे होता तुझा देव?"

मावशीला उठून पळावंसं वाटत होतं. पण ती तिथेच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी काम आटोपून पुन्हा गेली. त्यानंतरही जात राहिली.